संवेदक स्वच्छ, तरच आकडा विश्वासार्ह

नदी, तलाव किंवा सांडपाण्याची टाकी यांची प्रकृती जोखायची झाल्यास प्रथम पाहिला जातो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणानुसार स्नानयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम, तर मत्स्यजीवनासाठी किमान ४ मिलिग्रॅम असावा लागतो. एका मिलिग्रॅमच्या फरकाने पाण्याचा दर्जा बदलतो. आणि एवढी चूक घडवून आणण्यास संवेदकाच्या टोकावर साचलेला बुळबुळीत थर पुरेसा असतो.

अस्वच्छ संवेदक बंद पडत नाही, हीच खरी अडचण. तो आकडा दाखवतच राहतो आणि तो आकडा पटण्याजोगाही असतो. त्यामुळे बिघाड दिवसेंदिवस लक्षात येत नाही.

पाण्यातील प्राणवायू रासायनिक पद्धतीने मोजण्याची रीत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लाजोस विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली. पडताळणीसाठी ती आजही वापरतात. १९५६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी पडद्याचा संवेदक जगासमोर आणला. त्यात टेफ्लॉनसारख्या पातळ पडद्यातून प्राणवायू आत शिरतो आणि धातूच्या दोन अग्रांमध्ये त्याच्या प्रमाणात विद्युतप्रवाह निर्माण होतो. अलीकडे प्रकाशीय संवेदक रूढ झाले आहेत. त्यांच्या टोपणावरील रंगद्रव्यावर निळा प्रकाश पडला की ते लाल रंगात उजळते. प्राणवायू जितका अधिक, तितकी ही चमक मंद आणि अल्पजीवी. या संवेदकांत द्रावण बदलावे लागत नाही, परंतु घाणीपासून त्यांचीही सुटका नाही.

संवेदकावर वाढलेले जिवाणू स्वतःच प्राणवायू वापरतात. परिणामी आकडा प्रत्यक्षाहून कमी येतो. थर शेवाळाचा असेल, तर भर उन्हात तो प्राणवायू सोडतो आणि आकडा फुगतो. अनेक गृहसंकुलांत सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे असतात. जेथे हवा पुरवणारे ब्लोअर या संवेदकाच्या आकड्यावर चालतात, तेथे टाकीत साधारण २ मिलिग्रॅम प्राणवायू राखला जातो. आकडा खोटा कमी आला, तर ब्लोअर विनाकारण फिरत राहून विजेचे देयक वाढवतात. खोटा जास्त आला, तर हवा तोडली जाते, उपयुक्त जिवाणू गुदमरतात आणि दुर्गंधी सुटते.

स्वच्छतेची रीत साधी आहे. संवेदक बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुवावा आणि टोक मऊ, ओल्या फडक्याने हलकेच पुसावे. तेलकटपणा असल्यास सौम्य साबणाचे पाणी वापरावे. टोक नखाने वा सुरीने खरवडू नये. तारेचा ब्रश तर वर्ज्यच. प्रकाशीय टोपणाला अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावू नये, कारण त्यामुळे रंगद्रव्याचा थर खराब होऊ शकतो. पडदा सुरकुतला, फाटला किंवा त्याखाली बुडबुडा दिसला, तर द्रावणासह तो बदलावा. सांडपाण्यातील हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीचे धनाग्र काळवंडते. ते उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीनेच उजळावे. वापर नसताना टोक ओलसर राहील अशा टोपीत ठेवावे.

यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मूल्याशी जुळणी. ती घाणीवर केली, तर चूकच प्रमाण ठरते. म्हणून आधी स्वच्छता, मग जुळणी. संवेदक ओल्या स्पंजवरील दमट हवेत धरावा. टोकावर थेंब नसावा. तापमान आणि हवेचा दाब यांची नोंद अचूक हवी. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू सामावते. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हेच प्रमाण ७.७ च्या आसपास असते. मुंबईतील जुळणी पुण्यात तशीच वापरणे त्यामुळे धोक्याचे. शून्याची पडताळणी सोडियम सल्फाइटच्या ताज्या द्रावणात करतात. त्यानंतर टोक नीट धुवावे.

स्वच्छता किती दिवसांनी करावी? याचे उत्तर पाणीच देते. सफाईपूर्वी आणि सफाईनंतर त्याच पाण्यातील आकडा वहीत टिपावा. दोहोंत फरक नसेल, तर अंतर वाढवता येते. फरक मोठा असेल, तर ते कमी करावे. मैलापाण्यात आठवड्यातून एकदा तरी सफाई लागते, निवळ पाण्यात ती विरळ चालते. आपल्या संकुलाच्या शुद्धीकरण केंद्राचा अहवाल वाचताना रहिवाशांनी प्राणवायूच्या आकड्याबरोबर ही वहीही मागावी. वही नसेल, तर त्या आकड्यावर विसंबून राहण्यास आधार उरत नाही.