काळ्या घोड्याभोवतीची वस्ती

1947 साली मुंबईत सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा गोव्याचे, हुसेन पंढरपुरात जन्मलेले, रझा मंडला जिल्ह्यातले, आरा हैदराबादजवळच्या बोलारमचे, शिल्पकार बाकरे बडोद्याचे. सहावे हरी अंबादास गाडे आपल्या वऱ्हाडातले, तळेगाव दशासरचे. सोनाळ्याच्या वाचकाला मुंबईतल्या काळा घोडा परिसराची ओळख करून द्यावीशी वाटते ती याचसाठी. कलावंतांची ही वस्ती बाहेरगावाहून आलेल्यांनी वसवली.

परिसराला हे नाव पडलं ते आल्बर्ट ससून यांनी 1879 मध्ये शहराला दिलेल्या, युवराज एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून. 1965 मध्ये पुतळा तिथून हलला आणि पुढे राणीच्या बागेत गेला. नाव मात्र राहिलं.

आरांची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. घर सोडून मुंबईला आलेला हा पोरगा घरगडी होता, मोटारी धूत होता. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेला. त्याची चित्रं हेरली जर्मनीहून आलेल्या समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडलेले व्हिएन्नाचे चित्रकार लांगहॅमर आणि संग्राहक श्लेसिंगर यांनीही ग्रुपमधल्या पोरांना आधार दिला. जुलै 1949 मध्ये याच परिसरातल्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर ग्रुपचं प्रदर्शन भरलं. सूझा त्याच वर्षी लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला. आरा इथंच राहिले. रॅम्पार्ट रो वरच्या आर्टिस्ट्स सेंटरचा कारभार पाहत त्यांनी नवख्यांना भिंत मिळवून दिली. स्वतःचं नाव झाल्यावर दुसऱ्यासाठी असं झिजणारे थोडेच.

1952 मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभं राहिलं. तरी माझ्या मते वस्ती जगवली ती चहाच्या टेबलांनी. जहांगीरच्या ओसरीतलं ‘समोवार’ हे उपाहारगृह 1964 मध्ये सुरू झालं. खिशात फारसे पैसे नसलेला चित्रकार तिथं तासन्‌तास बसू शकत होता, कोणी उठवत नव्हतं. समोरच्या बाजूला ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात कवी अरुण कोलटकर मित्रांसोबत बसत, खिडकीतून दिसणारी फुटपाथवरची माणसं त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आली. ते पुस्तक 2004 मध्ये, त्यांच्या शेवटच्या वर्षी निघालं. ‘वेसाइड इन’ त्याआधीच बंद झालं होतं, ‘समोवार’ 2015 मध्ये मिटलं. 1999 पासून इथं दरवर्षी मोठा कला महोत्सव भरतो, गर्दी लोटते, आणि 2017 मध्ये स्वाराविना नवा काळा घोडाही उभा राहिला. पण रोज बसायची स्वस्त जागा गेली, हे नुकसान कोणत्याही महोत्सवानं भरून निघालेलं नाही.

जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर आजही चित्रकार आपली चित्रं मांडतात. सोनाळ्यात, संग्रामपूर तालुक्यात ज्यांच्या घरी वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढणारं लेकरू आहे, त्यांनी त्याला एकदा शेगावहून मुंबईच्या गाडीत बसवावं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जहांगीर पायी जाण्याइतकं जवळ आहे आणि आत जायला तिकीट लागत नाही.