वरच्या मजल्यावरचा ग्रीष्म : रुग्णपरीक्षेत घराचाही विचार हवा

ग्रीष्म ऋतूत चिकित्सालयात येणाऱ्या तक्रारी आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. भ्रम, क्लम, तृष्णा, मूत्रदाह, अरुची, निद्रानाश, घोळणा फुटणे. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, कोष्ठ आणि आहार विचारतो व प्रवाळ, कामदुधा, उशीर, चंदन यांच्या योगांची योजना करतो. बहुतेक रुग्णांना उपशय मिळतो. तथापि काही रुग्ण उन्हात पाऊलही टाकत नाहीत, पथ्यही काटेकोर पाळतात, आणि तरीही त्यांची लक्षणे हटत नाहीत. उलट सायंकाळनंतर वाढतात. अशा रुग्णांना आम्ही गेली काही वर्षे एक प्रश्न आवर्जून विचारतो : ‘‘आपण कितव्या मजल्यावर राहता? डोक्यावर थेट गच्ची आहे का?’’ उत्तर बहुधा ‘हो’ असे येते.

निदानपरिवर्जन ही आपली पहिली चिकित्सा. ज्या रुग्णाचा हेतू त्याच्या निजण्याच्या खोलीतच दडलेला आहे, त्याला केवळ औषध देऊन पाठवणे म्हणजे हेतू तसाच ठेवून लक्षणांशी झुंजणे होय. वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषधविक्रेत्या मित्रांनी या हेतूकडे लक्ष द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्रातील ग्रीष्मगृह

ऋतुचर्येत ग्रीष्माचे वर्णन करताना आचार्यांनी आहाराइतकाच निवासाचाही विचार केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात दिवसा शीतगृहात निद्रा घ्यावी आणि रात्री चंद्रकिरणांनी थंड झालेल्या, वाहत्या वाऱ्याच्या उंच गच्चीवर शयन करावे, असे सांगितले आहे. अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी उंच वृक्षांनी सूर्यकिरण अडवलेली वाटिका, वेलींचे मांडव, सुगंधी थंड पाण्याने शिंपडलेले पडदे व धारागृह यांचे वर्णन केले आहे. हे राजेरजवाड्यांचे विलास म्हणून आपण ओलांडून जातो. परंतु त्यांतील सूत्रे साधी आहेत. ऊन भिंतीवर पडण्यापूर्वीच अडवावे, पाण्याच्या बाष्पीभवनाने वारा थंड करावा, रात्री मोकळ्या आकाशाखाली निजावे.

आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. ग्रीष्मात पित्ताचा प्रकोप होतो असा सर्वसाधारण समज आहे. शास्त्राने मात्र या ऋतूत वाताचा संचय आणि बलाची हानी सांगितली आहे. रात्री झोप न लागणे, मलावष्टंभ, अंगमर्द ही लक्षणे केवळ ‘उष्णता वाढली’ म्हणून तिक्त-रूक्ष औषधांनी दाबू नयेत. मधुर, स्निग्ध, शीत, द्रव असा आहार आणि अखंड निद्रा हे येथील खरे औषध. आणि निद्रा ही तर खोलीवर अवलंबून आहे.

स्लॅबचा स्वभाव

आपल्या पूर्वजांची घरे उन्हाळा जाणून बांधलेली होती. मराठवाड्यातील जाड भिंतींची माळवदाची घरे, खानदेशातील धाब्याची घरे आणि जुने वाडे यांत भर दुपारीही गारवा असे. मातीचा जाड थर उष्णता आत पोहोचू देण्यास फार वेळ लावतो; तोवर दिवस मावळतो.

आजच्या फ्लॅटचा वरचा मजला मात्र चार-सहा इंचांच्या काँक्रीट स्लॅबखाली असतो. हा स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता काही तासांनी खालच्या खोलीत सोडतो. म्हणून बाहेर सायंकाळची झुळूक सुटते, तेव्हा आत छत तापलेलेच असते. पश्चिमेकडील भिंत ही दुसरी भट्टी. सरकत्या काचेच्या खिडक्या एका वेळी अर्ध्याच उघडतात, आणि बंद काचेतून आलेले ऊन आतल्या वस्तूंना तापवून तेथेच राहते.

वर्तमानपत्रात छापला जाणारा पारा हा सावलीतील, मोकळ्या हवेतील, जमिनीपासून थोड्या उंचीवर ठेवलेल्या तापमापीचा असतो. रुग्णाच्या बिछान्याशी त्याचा संबंध थोडाच. खोलीचे तापमान कळण्यासाठी खोलीतच तापमापी हवा. तो अल्प मोलात मिळतो.

घरात होणारे मृत्यू

उष्माघात म्हटला की शेतमजूर, हमाल, मोर्चे, सभा डोळ्यांपुढे येतात आणि ते योग्यच आहे. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातील समारंभात झालेले मृत्यू आपण विसरलेलो नाही. परंतु घरातील उष्णता गाजावाजा न करता बळी घेते. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आलेल्या उष्णतेच्या लाटेत ६१९ व्यक्ती दगावल्या. शासकीय चौकशीत असे आढळले की त्यांपैकी ९८ टक्के व्यक्तींना उष्णता घरातच बाधली होती. निम्म्याहून अधिक एकटे राहणारे होते आणि दोन-तृतीयांश सत्तरी ओलांडलेले. जुलै १९९५ मधील शिकागोच्या लाटेनंतर झालेल्या अभ्यासातही इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणे हा धोका वाढवणारा घटक ठरला. ही शहरे आपल्याहून थंड प्रदेशातील आहेत हे खरे. पण वृद्ध, एकाकी आणि वरच्या मजल्यावरील माणूस आपल्याकडेही दुर्मिळ नाही.

आपल्या शेजारी अहमदाबादने मे २०१० मधील लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू अनुभवले आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. पुढे तेथे छपरे पांढरी करण्याचा उपायही हाती घेण्यात आला.

एक बोलका रुग्ण

विदर्भातील एका सत्तरीच्या आजी नवतपाच्या दिवसांत आमच्याकडे आल्या. चक्कर, तोंडाला कोरड, आठवडाभर झोप नाही. जिव्हा शुष्क, नाडी चपळ व क्षीण. चौथा मजला, वर गच्ची, दिवसभर घरात एकट्या. रक्तदाबासाठी मूत्रल औषध चालू. आणि गुडघ्यांमुळे वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणी पिणेच त्यांनी कमी केले होते. मुलाला खोलीत तापमापी ठेवण्यास सांगितले. रात्री दहा वाजता त्याने ३८ अंश दाखवले.

अशा रुग्णाची चिकित्सा कोठून सुरू करावी? आम्ही प्रथम बिछाना पूर्वेकडील खोलीत, जमिनीलगत हलवावयास सांगितला. पाण्याचा तांब्या व शौचपात्र बिछान्याशेजारी ठेवविले. मूत्रल औषधाच्या मात्रेविषयी त्यांच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलण्यास सांगितले. दुपारचे चार तास पहिल्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे घालवण्याचे ठरले. औषध अल्पच दिले. चौथ्या दिवशी आजी झोप लागल्याचे सांगत आल्या.

रुग्णाला काय सांगावे?

१. सकाळी ऊन चढण्यापूर्वी खिडक्या बंद कराव्यात. बाहेरची हवा आतल्याहून थंड झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. दिवसभर ‘हवा यावी’ म्हणून खिडकी उघडी ठेवणे म्हणजे झळा आत बोलावणे होय.

२. पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावावा. बांबूची चटई, चिक किंवा हिरवी जाळी काचेच्या बाहेर असेल तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.

३. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. खर्च थोडा, गुण मोठा. मात्र पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. गच्ची सर्वांची आणि ताप एकट्या वरच्या बिऱ्हाडाचा, त्यामुळे सोसायटीत हा विषय रेंगाळतो. येथे वैद्याच्या चार ओळींच्या चिठ्ठीला वजन असते. रुग्णाचे वय, व्याधी आणि धोका लिहून ती चिठ्ठी आपण अवश्य द्यावी. रात्री गच्चीचे कुलूप उघडे ठेवण्याची विनंतीही तीत करावी.

४. कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तो उपकारक, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत निरुपयोगी. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी, अन्यथा खोली दमट होऊन घाम वाळत नाही. वाळ्याची ताटी हेच तत्त्व सुगंधासह साधते. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून ती कोरडी करावी. डेंग्यूचे डास स्वच्छ पाण्यातच वाढतात.

५. खोली ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला गरम हवाच मारतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याखालील तापमानातच पंखा वापरण्यास सांगते. अशा वेळी खोली बदलावी, अंगावर ओला पंचा घ्यावा, हातपाय वारंवार ओले करावेत.

पान व औषधयोजना

वाळा घातलेले माठाचे पाणी, साखर घातलेले सातूचे पातळ पीठ, कोकम, कैरीचे पन्हे, खर्जूरादि मंथ, षडंगपानीय ही आपली परिचित पाने होत. ताकाविषयी मात्र सरसकट सल्ला नको. उष्णकाली तसेच दुर्बल व मूर्च्छा-भ्रम-दाह असलेल्या रुग्णास तक्र देऊ नये, असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून आंबट ताकाचे पेलेच्या पेले पिण्यास आम्ही सांगत नाही.

ग्रीष्मात लवण रसाचे आधिक्य वर्ज्य आहे. पण त्याचा अर्थ भरपूर घाम गेलेल्या रुग्णाला मीठच देऊ नये असा काढू नये. घामावाटे गेलेले लवण भरून काढणे हा रसाचा अतियोग नव्हे. हृद्रोग, वृक्कविकार वा शोथ असल्यास मात्र पाणी व मीठ या दोहोंचे प्रमाण त्या रुग्णाच्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवावे.

उशीरासव, चंदनासव ही नावे शीत असली तरी कल्पना मद्यवर्गातील आहेत. ग्रीष्मात मद्य टाळावे, घ्यावयाचेच तर अल्प व पुष्कळ पाणी घालून, हा ऋतुचर्येतील दंडक येथे स्मरावा. शुष्क, दुर्बल, वृद्ध रुग्णास आसव देताना तर हात आखडताच हवा.

येथे औषधाची वाट पाहू नये

असंबद्ध बोलणे, झटके, ग्लानी वा बेशुद्धी आणि अत्यंत तप्त शरीर, ४० अंश सेल्सियसच्या वर, ही आत्ययिक अवस्था आहे. घाम येत असला तरी उष्माघात नाही असे समजू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत कपडे सैल करून अंग पाण्याने भिजवावे, वारा घालावा, मान-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात पाणी, सरबत, भस्म काहीही घालू नये. ज्वरघ्न गोळ्यांनीही हा ताप उतरत नाही. प्रथम शीतोपचार, त्याचबरोबर रुग्णालय. आपली औषधे नंतर.

औषधविक्रेत्या मित्रांसाठी

रुग्ण वैद्याकडे येण्याआधी पुष्कळदा आपल्या दुकानाची पायरी चढतो. ‘चक्कर येते, काहीतरी थंड द्या’ म्हणणाऱ्या वृद्धाला बाटली देण्यापूर्वी बसवून पाणी द्यावे व घरी कोण आहे ते विचारावे. जलसंजीवनी मागितल्यास प्रमाणित सूत्राचीच पुडी द्यावी : एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ हे नाव वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे, हेही ध्यानी असावे.

औषधांनाही ग्रीष्म बाधतो. पत्र्याखालच्या गोदामात गुग्गुळकल्पांच्या गोळ्या मऊ होऊन चिकटतात, जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींस जडतात, शतधौतघृत वितळते. दुकानात आणि गोदामात एकेक तापमापी टांगावा व मालाची जागा त्यावरून ठरवावी. औषध फ्रिजच्या माथ्यावर वा खिडकीत ठेवू नये, हे पुडी बांधतानाच सांगावे.

समारोप

दशविध परीक्षेत देशाचा विचार आपण करतोच. तो देश आता जांगल-आनूपापर्यंत न थांबवता रुग्णाच्या खोलीपर्यंत नेला पाहिजे. चैत्र उजाडला की रुग्णपत्रिकेवर चार प्रश्न वाढवावेत : मजला कितवा, वर गच्ची आहे का, रात्री कोठे निजता, दुपारी घरात सोबत कोण असते? ज्यांची उत्तरे चिंताजनक असतील त्यांची नावे वेगळी लिहून ठेवावीत आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की सकाळीच त्यांना दूरध्वनी करावा. या कामाला मात्रा लागत नाही, अनुपान लागत नाही. दहा मिनिटे लागतात. तेवढी आपण प्रत्येकाने काढावीत, ही विनंती.