गंगेवरचा म्हातारा पूल

नाशिकच्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असं विचारलं, तर तो ‘गंगेवर’ म्हणतो. नवा पाहुणा बुचकळ्यातच पडतो. गंगा तर उत्तरेत! पण नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी, बरं का! या गंगेच्या एका काठाला जुनं नाशिक आणि दुसऱ्या काठाला पंचवटी. या दोन काठांना जोडणारा, रामकुंडाच्या वरच्या अंगाचा जुना दगडी पूल म्हणजे अहिल्यादेवी होळकर पूल. आज त्याचीच गोष्ट ऐका.

पूर्वी इथे पक्का पूल नव्हता. उन्हाळ्यात पाणी कमी असलं की लोक उतारावरून चालत नदी ओलांडत. पावसाळ्यात मात्र नावेशिवाय गत्यंतर नसे, आणि मोठा पूर आला की तीही काठाला बांधून ठेवावी लागे. मग पंचवटीतला माणूस पंचवटीत अन् नाशिकचा नाशकात! इंग्रजांच्या राजवटीत, १८९५च्या सुमारास, हा पूल बांधला गेला. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती, म्हणून नाव पडलं व्हिक्टोरिया पूल. पुढे परक्या राणीचं नाव गेलं आणि आपल्या मातीतल्या अहिल्यादेवींचं नाव आलं. ते शोभतंही. १७२५ साली चौंडी गावात जन्मलेल्या या राणीने देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूची सोय पाहणाऱ्या बाईचं नाव वाटसरूंच्या पुलाला!

पूर किती आला हे सांगायच्या नाशिकच्या खुणा मोठ्या गमतीच्या आहेत. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’, ‘गळ्याशी आलं’ असं म्हटलं की सगळं गाव समजून जातं. जवळच नारोशंकराच्या देवळाची मोठी घंटा आहे. तिथवर पाणी पोचणं म्हणजे महापूर. आणि तिसरी खूण म्हणजे आपला पूल. ‘होळकर पुलाखालून इतके क्युसेक पाणी जात आहे,’ असं पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. पुलाखालून १०,००० क्युसेक वाहत असेल, तर दर सेकंदाला किती लिटर झालं? करा बरं गुणाकार!

एवढ्या लोंढ्यापुढे दगडी पूल उभे कसे राहतात? जुने दगडी पूल बहुतेक कमानींचे असत. कमानीतले दगड पाचरीसारखे एकमेकांत बसतात. वरून जितकं ओझं येईल तितके ते एकमेकांना अधिक घट्ट दाबतात. ते ओझं कमानीतून खांबांत आणि खांबांतून जमिनीत उतरतं.

दगडांच्या सांध्यांत असे चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मग वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळायची. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा दगडासारखा होतो. आहे की नाही गंमत?

पण माणसासारखं पुलालाही म्हातारपण येतं. सांध्यांतला चुना झिजतो. पक्ष्याने टाकलेल्या बीतून पिंपळ उगवतो आणि त्याची मुळं दगड फोडतात. सगळ्यात वाईट दुखणं पाण्याखालचं. वाहत्या पाण्यात वाळूवर उभं राहिलं की पायाखालची वाळू सरकते ना? तसाच पूर खांबाच्या पायाजवळची माती उकरून नेतो. वरून पूल धडधाकट दिसतो, आणि आतून पाय डळमळलेला असतो!

२ ऑगस्ट २०१६ रोजी नाशकात गोदेला मोठा पूर आला होता. त्याच रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी पूल कोसळला. दोन एसटी बस आणि एक मोटार पुरात वाहून गेली. अनेक घरांतली माणसं परत आलीच नाहीत. त्या अंधारात जवळच्या गॅरेजमधला एक माणूस धावत रस्त्यावर आला आणि त्याने येणाऱ्या गाड्या थांबवल्या. त्यामुळे आणखी किती जीव वाचले असतील! त्या रात्रीनंतर राज्यातल्या जुन्या पुलांची तपासणी हा सगळ्यांच्याच काळजीचा विषय झाला. सावित्रीवरचा नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. पण गेलेली माणसं कुठून आणायची?

म्हणून म्हाताऱ्या पुलाचीही डॉक्टरकडून तपासणी हवी. हे डॉक्टर म्हणजे इंजिनिअर. पाणबुडे पाण्याखाली जाऊन पाया पाहतात. पिंपळ नुसता छाटून भागत नाही, मुळासकट काढावा लागतो. मोकळे झालेले सांधे पुन्हा भरतात, भेगांत पातळ मसाला दाबाने घालतात, पायाभोवती दगड-काँक्रीटचं चिलखत चढवतात. जुन्या चुन्याच्या बांधकामात चुनाच वापरणं अनेकदा बरं, कारण त्यातून ओल बाहेर पडते. नुसतं सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. आणि जड गाड्यांचं ओझं नव्या पुलावर द्यायचं. आजोबांच्या डोक्यावर आपण पोतं देतो का?

आपल्यालाही दोन कामं करता येतील. निर्माल्याची पिशवी पुलावरून नदीत भिरकावायची नाही, घरच्या मोठ्यांनाही भिरकावू द्यायची नाही. आणि पुलाला भेग पडलेली किंवा झाड उगवलेलं दिसलं, तर आई-बाबांना सांगून महापालिकेला कळवायचं. कदाचित ती भेग सगळ्यात आधी तुम्हालाच दिसेल.

करून पाहा : दोन वह्यांच्या गठ्ठ्यांवर एक जाड कागद आडवा ठेवा आणि त्यावर एकेक नाणं ठेवत जा. कागद लगेच वाकेल. आता तसाच दुसरा कागद कमानीसारखा वाकवून, गठ्ठ्यांमध्ये घट्ट अडकवून, पहिल्याच्या खाली बसवा. पुन्हा नाणी ठेवा आणि मोजा. किती फरक पडला, ते वर्गात सर्वांना सांगा!