कोणता ब्राउझर वापरावा? आधी विचारा, या यंत्रावर आणखी कोण बसतं?



पालक सभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोराच्या अभ्यासासाठी मोबाइलात कोणतं गूगल टाकू?" प्रश्न साधा आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. शाळेच्या संगणकाबाबत शिक्षकांमध्येही असाच गोंधळ असतो. पोर्टल उघडलं नाही की "दुसऱ्यात उघडून बघा" एवढाच सल्ला मिळतो. तो दुसरा कोणता आणि का, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज आपण ब्राउझर म्हणजे काय आणि तो निवडायचा कसा, हे सविस्तर पाहू या.

ब्राउझर म्हणजे नेमकं काय?

मुलांना समजावताना मी एसटीचं उदाहरण देते. राणीसावरगावहून गंगाखेडला जायचं आहे. रस्ता म्हणजे इंटरनेट. गंगाखेड म्हणजे वेबसाइट, जिथं आपल्याला पोहोचायचं आहे. आपण ज्या गाडीत बसतो ती गाडी म्हणजे ब्राउझर. आणि स्टँडवरची चौकशी खिडकी, जिथं "अमुक गावाची गाडी कुठं लागते?" असं विचारतो, ती म्हणजे सर्च इंजिन.

गूगल ही चौकशी खिडकी आहे. क्रोम ही गाडी आहे. दोन्ही एकाच कंपनीच्या असल्यामुळे आपल्याला त्या एकच वाटतात. पण फायरफॉक्समध्ये बसूनही गूगलवर शोधता येतं आणि क्रोममध्ये बसून दुसरं सर्च इंजिनही वापरता येतं. हा फरक कळला की निवड करणं अर्धं सोपं होतं.

थोडा इतिहास, कारण त्यात धडा आहे

पहिला ब्राउझर १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत लिहिला. १९९३ मध्ये मोझॅक आला आणि मजकुरासोबत चित्रंही एकाच पानावर दिसू लागली. त्यानंतर १९९४ मध्ये नेटस्केप आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. एक्सप्लोरर विंडोजसोबत आयताच मिळायचा, त्यामुळे काही वर्षांत जवळपास सगळीकडे तोच झाला.

पुढं काय झालं ते बघा. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये. स्पर्धाच उरली नाही म्हटल्यावर सुधारणेची घाई कुणाला? २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये क्रोम आला, तेव्हा कुठं पुन्हा हालचाल सुरू झाली. शेवटी १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला.

धडा असा की सगळे वापरतात म्हणून एखादा ब्राउझर कायम चांगलाच राहील असं नाही. आपल्या यंत्रात आयता आलेला ब्राउझर आपण निवडलेला नसतो, तो दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी निवडलेला असतो.

आजचे ब्राउझर: रंग वेगळे, इंजिन एक

आज क्रोम सर्वात जास्त वापरला जातो. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे वेगळे दिसतात, पण आतून क्रोमियम या एकाच मुक्त प्रकल्पावर बांधलेले आहेत. मायक्रोसॉफ्टनेही जानेवारी २०२० पासून एजला हेच इंजिन बसवलं. भारतातल्या झोहो कंपनीचा उला ब्राउझरही क्रोमियमवरच आहे. केंद्र सरकारने घेतलेल्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं.

वेगळं इंजिन असलेले मोठे ब्राउझर दोनच. फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलच्या सफारीचं वेबकिट. याचा व्यवहारात उपयोग असा, की एखादं पान क्रोममध्ये नीट दिसत नसेल तर एजमध्ये उघडून फारसा फरक पडेलच असं नाही, कारण इंजिन तेच. तेव्हा फायरफॉक्समध्ये बघावं. म्हणून प्रत्येक शाळेच्या संगणकावर क्रोम किंवा एज यातला एक आणि सोबत फायरफॉक्स, असे दोन असावेत.

निवडीचा पहिला प्रश्न

"सर्वोत्तम ब्राउझर" अशा मथळ्याचे लेख पुष्कळ मिळतात. त्यात वेग, रंगरूप, सोयी यांची तुलना असते. पण ते लेख एक माणूस आणि त्याचं एक यंत्र असं धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे तसं नसतं. शाळेत एक संगणक, त्यावर मुख्याध्यापक, तीन-चार शिक्षक आणि मधल्या सुट्टीत मुलं. घरी एक मोबाइल, त्यावर आई, वडील, आजोबा आणि दोन लेकरं. वडील ऊसतोडीला गेले की तो मोबाइलही सोबत जातो आणि मुलगा शेजारच्यांच्या मोबाइलवर अभ्यास बघतो. काही काम तर गावातल्या ऑनलाइन सेंटरवर होतं.

म्हणून आपला पहिला प्रश्न वेगाचा नाही. आपला पहिला प्रश्न आहे, "या यंत्रावर आणखी कोण बसतं?"

कारण ब्राउझर लक्षात ठेवतो. कोणती पानं पाहिली, कोणता पासवर्ड टाकला, कोणत्या खात्यात लॉगिन आहे, हे सगळं. एकट्याच्या यंत्रावर ही सोय असते, सामाईक यंत्रावर तोच धोका होतो. शाळेच्या पोर्टलवर मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, बँक खाती असतात. पासवर्ड "सेव्ह" केलेला असेल, तर खुर्चीवर पुढं बसणारा कुणीही एका क्लिकवर आत जाऊ शकतो. ती माहिती आपली नाही, पालकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिलेली आहे.

शाळेच्या संगणकासाठी व्यवस्था

१) दोन ब्राउझर, दोन कामं. एक फक्त कार्यालयीन पोर्टलसाठी आणि दुसरा वर्गात पाठ, व्हिडिओ, चित्रं दाखवण्यासाठी. मुलांसमोर कार्यालयीन ब्राउझर उघडायचाच नाही.

२) पासवर्ड सेव्ह करू नका. ब्राउझर विचारतो तेव्हा "कधीही नाही" निवडा. करायचाच असेल तर फायरफॉक्समध्ये "प्राथमिक पासवर्ड" लावण्याची सोय आहे. म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या पेटीला कुलूप लागतं.

३) वेगळं प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. क्रोम आणि एजमध्ये प्रत्येक शिक्षकाचं वेगळं प्रोफाइल करता येतं. त्यामुळे बुकमार्क आणि इतिहास एकमेकांत मिसळत नाहीत. पण एकाच्या प्रोफाइलमधून दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये सहज जाता येतं, हे विसरू नका.

४) जुना संगणक असेल तर. अनेक शाळांत अजून विंडोज ७ चे संगणक आहेत. क्रोमने फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. फायरफॉक्सने मात्र ११५ क्रमांकाच्या विशेष आवृत्तीला त्यानंतरही बराच काळ सुरक्षा दुरुस्त्या दिल्या. म्हणून अशा संगणकावर त्यातल्या त्यात फायरफॉक्स बरा. तरी पोर्टलचं काम शक्यतो नव्या यंत्रावरच करा.

५) बंद पडलेले फ्लॅशचे पाठ. ई-लर्निंगचे पुष्कळ जुने पाठ फ्लॅशवर बनवलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि ते पाठ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. संगणक बिघडला असं समजून काहींनी दुरुस्तीला पैसेही घातले असतील. बिघाड यंत्राचा नव्हता. असे पाठ पाहायचे असतील तर रफल नावाचं मोफत साधन क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत जोडता येतं, त्यात बरेच पाठ चालतात. फ्लॅशसाठी जुना ब्राउझर ठेवलाच असेल तर त्या संगणकाला इंटरनेट जोडू नका.

घरच्या मोबाइलसाठी

पालकहो, तुमच्या मोबाइलात क्रोम बहुधा आहेच. तो वाईट नाही. पण मुलांसाठी त्याच मोबाइलात फायरफॉक्स किंवा दुसरा एखादा ब्राउझर वेगळा टाकता येतो. वडिलांचं बँकेचं, कामाचं एकात आणि लेकराचा अभ्यास दुसऱ्यात. मोबाइल एकच, पण खोल्या दोन झाल्या.

दुसरी गोष्ट माग काढण्याची. आपण एका पानावर खेळण्याचं चित्र पाहिलं की पुढचे चार दिवस सगळीकडे खेळण्यांच्या जाहिराती दिसतात. कारण अनेक वेबसाइटवरून जाहिरात कंपन्या आपल्या ब्राउझरमध्ये खुणा ठेवतात, त्यांना कुकी म्हणतात. फायरफॉक्स २०१९ पासून माग काढणाऱ्या ओळखीच्या कुकी आपोआप अडवतो. सफारी २०२० पासून बाहेरच्या सगळ्याच कुकी अडवतो. क्रोमनेही २०२० मध्ये अशा कुकी बंद करण्याचं जाहीर केलं होतं, पण पुढं तो बेत सोडून दिला. मात्र त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या आपल्याला स्वतः बंद करता येतात. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यावर बंधन घातलं आहे. कायदा त्याचं काम करील, पण मोबाइल आपल्या हातात आहे.

तिसरी गोष्ट जुन्या मोबाइलची. यूसी ब्राउझर एकेकाळी स्वस्त मोबाइलात सर्रास असायचा. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता. घरात पडून असलेला जुना मोबाइल मुलाला दिला असेल, तर त्यात तो उरला आहे का ते बघा आणि काढून टाका. नेट वाचवायला ऑपेरा मिनी उपयोगी आहे. पण जास्तीत जास्त डेटा वाचवण्याच्या सेटिंगमध्ये पान त्यांच्या सर्व्हरवरून लहान होऊन येतं. म्हणून बँकेचं किंवा अर्जाचं काम त्यात करू नये.

मराठीचा विचार

फायरफॉक्स, क्रोम आणि एज तिन्हींची मेनूची भाषा मराठी करता येते. मुलांच्या आणि कमी इंग्रजी येणाऱ्या पालकांच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. एजमध्ये मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही आहे. वाचनात मागे असलेलं मूल कानाने ऐकत डोळ्याने ओळ धरू शकतं. वर्गात दाखवण्याचा ब्राउझर निवडताना ही सोय जरूर लक्षात घ्या.

ब्राउझर काय करू शकत नाही?

गुप्त मोडबद्दल फार गैरसमज आहे. गुप्त मोडमध्ये फक्त त्या यंत्रावर इतिहास राहत नाही. वेबसाइटला आणि नेट पुरवणाऱ्याला आपण दिसतोच. शिवाय डाउनलोड केलेली फाइल तिथंच राहते. ऑनलाइन सेंटरवर आधार कार्ड किंवा मुलांची यादी डाउनलोड केली असेल, तर उठण्यापूर्वी लॉगआउट करा, डाउनलोडमधली फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र म्हणजे वेबसाइट खरी, असंही नाही. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही. पोहोचलेलं गाव चोरांचं आहे की सज्जनांचं, हे ते सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच बदललं. शिष्यवृत्तीचा किंवा योजनेचा अर्ज भरताना पत्ता वाचा. पहिल्या तिरप्या रेघेआधी शेवटी "डॉट जीओव्ही डॉट इन" असेल तर ती सरकारी वेबसाइट. हीच अक्षरं मध्ये असतील आणि शेवटी भलतंच काही असेल, तर तिथं थांबा.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

चौथीच्या मुलांना फळ्यावर पाच पत्ते लिहून द्या, तीन खरे आणि दोन बनावट. "कोणत्या गाडीत बसाल, कोणत्या नाही आणि का?" असं विचारा. संगणक नसला तरी चालतं. मुलं शेवटून वाचायला लवकर शिकतात आणि घरी जाऊन आईवडिलांना शिकवतात.

थोडक्यात

शाळेत क्रोम किंवा एज आणि सोबत फायरफॉक्स. जुन्या संगणकावर त्यातल्या त्यात फायरफॉक्स. घरी एका मोबाइलात दोन ब्राउझर, मोठ्यांचा एक आणि मुलांचा एक. कोणताही घ्या, पण तो अपडेट ठेवा, कारण जुना ब्राउझर म्हणजे कडी नसलेलं दार. आणि उठताना लॉगआउट करायची सवय स्वतःला लावा, मग मुलांना. आपल्यानंतर त्या खुर्चीवर कुणीतरी बसणारच आहे.