एलनच्या पेटीतली शार्लट

लेखिका शार्लट ब्राँटीच्या लग्नाला चार महिने झाले होते. १८५४ चा ऑक्टोबर. हॉवर्थच्या घरात ती मैत्रीण एलन नसीला पत्र लिहीत होती आणि नवरा, आर्थर बेल निकल्स, मागून वाचत होता. असली पत्रं म्हणजे पेटत्या काड्या, असं त्याचं मत. वाचून झाली की जाळीन, असं एलनने लिहून द्यावं, हा त्याचा हट्ट. तिने दिलं, पण अट घातली: बायकोच्या पत्रांत त्याने ढवळाढवळ करायची नाही. पत्रं मात्र जाळली नाहीत. अट त्यानेच मोडली, असं एलनचं म्हणणं.

मार्च १८५५ मध्ये शार्लट गेली. तिच्याविषयी एका मासिकात आलेला मजकूर वाचून एलन संतापली आणि कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांच्याकडून उत्तर लिहवून घ्या, असं तिने निकल्सलाच सुचवलं. शार्लटच्या म्हाताऱ्या वडिलांनी, पॅट्रिक ब्राँटींनी, गॅस्केलबाईंना थेट चरित्रच लिहायला सांगितलं. म्हणजे या चरित्राची पहिली ठिणगी एलनची. सामग्रीही बरीचशी तिचीच: साडेतीनशेच्या आसपास पत्रं तिने बाईंच्या हवाली केली. त्याआधी काही नावं खोडायला ती विसरली नाही. पहिली कात्री मैत्रिणीची चालली, चरित्रकाराची नंतर.

आपण चरित्रकाराला 'साधनं मिळाली' असं सहज म्हणतो. साधन देणाऱ्यालाही काही हवं असतं. १८३१ मध्ये रो हेडच्या शाळेत भेटलेली एलन श्रद्धाळू, घरंदाज, जपून वागणारी. अशा मैत्रिणीला माणूस जे लिहितो, ते आणि तेवढंच त्या गठ्ठ्यात होतं. १८५७ च्या चरित्राच्या दोन खंडांतली सोसणारी, कर्तव्यनिष्ठ शार्लट म्हणूनच बरीचशी एलनची शार्लट आहे. ब्रसेल्सचे विवाहित शिक्षक एजे यांच्यावर जीव जडल्याची पत्रं त्या गठ्ठ्यात नव्हती. गॅस्केलबाई ब्रसेल्सला जाऊन एजेंना भेटल्या, त्या पत्रांतलं काही त्यांना कळलंही. पुस्तकात त्यांनी ते गिळलं. जगाने ती पत्रं वाचली १९१३ मध्ये.

एलनच्या हाती काय लागलं? छापील चरित्रात एक आद्याक्षर. पुढे पत्रं स्वतः छापायला गेली, तर कागद तिचे आणि हक्क निकल्सचे! १८९० च्या दशकात पत्रकार क्लेमंट शॉर्टर आणि पुस्तकसंग्राहक थॉमस वाइज यांनी ती विकत घेतली. ती एखाद्या सार्वजनिक संग्रहात सुखरूप राहतील, असा तिचा समज होता. वाइजने ती संग्राहकांत विकून पांगवली. हाच वाइज १९३४ मध्ये बनावट जुन्या पुस्तिकांपायी उघडा पडला.

शाळेची तिसरी मैत्रीण मेरी टेलर. बंडखोर, फटकळ, न्यूझीलंडात वेलिंग्टनला दुकान चालवणारी. तिनेही गॅस्केलबाईंना लांबलचक आठवणी लिहून पाठवल्या, आणि चरित्र वाचल्यावर कळवलं की खरं आयुष्य याहून उदास होतं. पण शार्लटची पत्रं तिने आधीच जाळून टाकली होती. निकल्सला जे एलनकडून हवं होतं, ते मेरीने कुणी न सांगता केलं.

त्यातून एकच पत्र बचावलं, १८४८ च्या सप्टेंबरातलं. त्यात, आपण दोघी वेगळ्या लेखिका आहोत हे प्रकाशकाला पटवायला शार्लट आणि तिची बहीण ॲन वादळातून चालत स्टेशन गाठतात, रातोरात लंडनला पोचतात आणि त्या प्रकाशकासमोर, जॉर्ज स्मिथसमोर, उभ्या राहतात. तो बिचारा चक्रावतो. सांगताना शार्लटला आपलंच हसू येतं आहे.