गाईचं तूप पिवळं का?

गाईचं तूप पिवळसर, म्हशीचं पांढरं. दोघी एकाच गवतावर चरल्या तरी हा फरक राहतोच, आणि तो पडतो बीटा-कॅरोटीनमुळे. हिरव्या चाऱ्यातलं हे नारिंगी रंगद्रव्य म्हणजे अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल. म्हैस ते जवळपास सगळं रंगहीन अ जीवनसत्त्वात बदलते. गाय बराच भाग तसाच दुधाच्या स्निग्धांशात जाऊ देते. तेव्हा पांढरं तूप निकस, ही समजूत सोडलेली बरी.

आपल्या आतड्यातलं एक विकर बीटा-कॅरोटीनचा ४० कार्बन अणूंचा रेणू मधोमध तोडतं आणि रेटिनालचे, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे, दोन रेणू मिळतात. व्यवहारात हिशेब इतका उदार नाही: अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल धरतात. सोबत तेल-तूप असलं तर शोषण सुधारतं. अळू, शेवग्याचा पाला यांतही कॅरोटीन भरपूर; हरितद्रव्याआड ते दिसत नाही इतकंच. उलट टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. तोही कॅरोटीनॉइडच, पण त्यापासून अ जीवनसत्त्व बनत नाही. मांजराला तर बीटा-कॅरोटीनचंही रूपांतर जमत नाही. त्याला तयार जीवनसत्त्व मांसातूनच मिळवावं लागतं.

अ जीवनसत्त्वासारखाच ड जीवनसत्त्वालाही कच्चा माल लागतो; तो आपल्या त्वचेतच असतो आणि तिथे विकराचं काम ऊन करतं. अळंबीतही अतिनील किरणांनी एर्गोस्टेरॉल या कच्च्या मालाचं ड-२ जीवनसत्त्व होतं.

पुन्हा बीटा-कॅरोटीनकडे: गाजरं अति खाल्ली तर त्यातल्या या रंगद्रव्याने तळहात पिवळे पडतात, पण विषबाधा होत नाही, कारण शरीर त्याच्या अ जीवनसत्त्वातल्या रूपांतराला आवर घालतं. तयार अ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांना हा लगाम नाही.