कार्डाचे कर्ज : फिरवावे कसे, फेडावे कसे?



बेणे, खते, ठिबक आणि सोसायटीची वसुली हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंगतीत क्रेडिट कार्ड कुठून आले, असे कुणी विचारील. पण आज ते आपल्या घरांत येऊन बसले आहे. पोरगं पुण्याला नाहीतर चाकणला नोकरीला लागतं, पगार सुरू होताच बँकेचा फोन येतो आणि कार्ड हाती पडते. घरात आजारपण निघाले, ट्रॅक्टरचे काम निघाले, की तेच कार्ड घासले जाते. पुढे हप्ता तटला की निस्तरायला बाप उसाच्या बिलाकडे बघतो. सबब हा विषय आपलाच आहे.

आधी एक खुलासा. हे कार्ड म्हणजे १९९८ साली सुरू झालेले किसान क्रेडिट कार्ड नव्हे. किसान कार्डावरील ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला २०२५-२६ सालासाठी ७ टक्के व्याज आहे आणि मुदतीत फेडणाऱ्यास केंद्राची ३ टक्के सूट आहे. दुकानात चालणाऱ्या कार्डाचा हिशेब याच्या अगदी उलटा असतो.

पूर्ण बिल तारखेला भरले तर त्या कार्डावर व्याज नाही. थकले की मात्र दर महिन्याला साधारण ३ ते ४ टक्के. समजा १ लाख रुपये थकले आणि दर साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. एकूण ४,१३० रुपये. आता बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून ५,००० छापलेले असेल आणि पोराने तेवढेच भरले, तर मुद्दलातून फिटले फक्त ८७० रुपये! त्यातच थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज चढते.

बरे, या व्याजाला वरची मर्यादा आहे काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली थकीत कार्डावर सालाना ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे गैर ठरविले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. परवानाधारक सावकाराला राज्यात व्याजाची मर्यादा घालून दिलेली आहे. कार्डाला तशी ठरावीक टक्क्यांची मर्यादा नाही. तेव्हा राखण आपली आपणच करायची.

फिरवाफिरवीचा हिशेब

यावर बँकाच एक वाट दाखवितात. एका बँकेच्या कार्डाची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर कमी व्याजाने घ्यायची. याला ‘बॅलन्स ट्रान्स्फर’ म्हणतात. एकाच बँकेच्या दोन कार्डांत सहसा हे जमत नाही, आणि नव्या कार्डाच्या मर्यादेच्या ठरावीक हिश्श्याइतकीच रक्कम फिरविता येते.

वरचेच १ लाख घेऊ. एक बँक म्हणते, “६० दिवस व्याज शून्य, प्रक्रिया शुल्क २ टक्के.” शुल्क २,००० आणि त्यावर जीएसटी ३६०, म्हणजे २,३६० रुपये. जुन्या कार्डावर दोन महिन्यांत ८,२६० गेले असते. वाचले ५,९००. पण ६१ व्या दिवशी जे शिल्लक राहील, त्यावर नव्या कार्डाचा नेहमीचा चढा दर लागू होतो.

दुसरी बँक म्हणते, “सहा हप्ते, महिना दीड टक्का, शुल्क १ टक्का.” घटत्या शिलकेवर हे व्याज सुमारे ५,३१५, त्यावर जीएसटी ९५७ आणि शुल्क जीएसटीसह १,१८० धरून एकूण खर्च सुमारे ७,४५० रुपये येतो. जुन्या कार्डावर सारख्या सहा हप्त्यांत फेडले असते तर जवळजवळ १५,००० गेले असते. म्हणजे निम्म्याने बचत.

इथे एक शब्द नीट विचारून घ्यावा : व्याज सपाट की घटत्या शिलकेवर? “महिना फक्त एक टक्का” असे सपाट दराने बारा महिन्यांसाठी सांगितले, तर १ लाखाला १२,००० व्याज बसते. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पुऱ्या लाखावर मोजले जाते. घटत्या शिलकेच्या हिशेबाने तो दर सालाना सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून टक्के ऐकू नयेत, “हातून एकूण रुपये किती जाणार?” एवढेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

एका कार्डाने एटीएममधून रोकड काढून दुसरे भरणे, हा बॅलन्स ट्रान्स्फर नव्हे. रोकडीवर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क लागते. ते टाळावेच.

उसाचे बिल आणि कार्डाची तारीख

आपल्या घरची खरी अडचण वेगळी आहे. कार्डाचे बिल महिन्याला येते; उसाचे पैसे गाळपानंतर येतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे, पण तोडणीचीच पाळी पुढे-मागे होते हे आपण जाणताच. शिवाय बिलातून सोसायटीची वसुली आधी वळती होते, मग उरलेले हाती. तेव्हा ‘बिल आले की भरू’ म्हणून ६० दिवसांची मुदत घेणे धोक्याचे. पगारातून झेपणारे हप्ते घ्यावेत, मग उसाचे पैसे आले तर मुदतीआधी फेडावे. मुदतीआधी फेडीला शुल्क आहे काय, तेही आधीच विचारावे.

पीककर्ज उचलून कार्ड भरण्याचा मोह मात्र आवरावा. ते पैसे लागणीचे, खताचे. तिथे थकले तर व्याजाची सूट जाते आणि पुढच्या सालचे कर्ज अडते. त्यापेक्षा ठेव-पावतीवर, विमा पॉलिसीवर किंवा पगारदार पतसंस्थेतून काय दर पडतो ते तपासावे. सोनेतारणही कित्येकदा कार्डापेक्षा स्वस्त पडते. पण दागिना सोडविण्याची तारीख घरच्या बाईमाणसाला विचारून ठरवावी.

हक्काच्या चार गोष्टी

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही, आणि तो थकलेल्या रकमेवरच लावायचा असतो. न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही. सर्व बाकी फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यास सात कामकाजी दिवसांत बंद करावे लागते. नाहीतर बँकेने दररोज ५०० रुपये द्यायचे. बँकेने तक्रारीची दाद ३० दिवसांत न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कार्ड कात्रीने कापले म्हणजे खाते बंद झाले असे नव्हे, हेही ध्यानी असू द्यावे. आणि कर्ज फिरवून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्यास तिथेच नमस्कार करावा.

शेवटी सांगायचे ते इतकेच. कर्ज फिरविल्याने कर्ज फिटत नाही. फक्त सवड विकत मिळते. त्या सवडीत जुने कार्ड पुन्हा घासले, तर एकाची दोन कर्जे होतात. उधारीचे पोते सव्वा हात रिते, असे आपले वाडवडील सांगत. पोराला रागे भरण्याआधी त्याच्या शेजारी बसून कार्डाचे बिल मागावे, किमान रकमेच्या ओळीवर बोट ठेवावे आणि मुद्दलातून किती फिटले ते त्याच्याच तोंडून काढून घ्यावे. थकबाकी लपलेली असते तोवर वाढत राहते. घरात सांगितली गेली की तिची वाट निघते.